थुंक बाळा, थुंक!

‘थुंकायचं नाही हं!’ असं उठता-बसता ऐकणाऱ्या पोराला जगात एकच जागा अशी सापडते, जिथे मोठी माणसं कप हातात धरून त्याच्या मागे लागतात, ‘थुंक बाळा, अजून थोडं थुंक.’ ही जागा म्हणजे लहान मुलांच्या दातांचा दवाखाना. पोरगं आधी आईकडे बघतं. आईने मान डोलावली, की मग काय विचारता!

कपात जमलेल्या त्या ऐवजावरून या दातांना पुढे कीड लागण्याचा धोका किती, याचा अंदाज बांधता येतो. पुरता नाही, पण ते नंतर बघू. जगात सुमारे ५१ कोटी ४० लाख मुलांचे दुधाचे दात किडलेले आहेत, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो. ‘दुधाचेच आहेत, पडतील की’ म्हणणाऱ्या आजीला एवढंच सांगायचं, की दुधाची शेवटची दाढ पडते ती नातू दहा-बारा वर्षांचा झाल्यावर. तोवर भाकरी चावायची ती त्याच दाढेने.

मेण चघळण्याची परीक्षा

पॅराफिन मेणाचा बेचव गोळा तोंडात टाकायचा आणि घड्याळ लावून पाच मिनिटं चघळायचा. गिळायचं काही नाही, जमेल तसं कपात सोडायचं. मेणच का? तर त्याला चव नसते. आंबटगोड गोळी दिली तर चवीनेच लाळ सुटणार आणि मोजमापाची वाट लागणार. मेणाने नुसता जबडा हलतो. शेवटी कपावरच्या रेघांशी लाळ ताडून बघायची, वरचा फेस सोडून.

मोठ्या माणसाला मिनिटाला एक मिलिलिटर किंवा त्याहून जास्त लाळ आली तर ठीक. म्हणजे पाच मिनिटांत चहाचा एक चमचा भरला पाहिजे. ०.७ मिलिलिटरच्या खाली गेली की डॉक्टरांची भुवई वर जाते. लहान मुलांचा आकडा मुळातच कमी असतो, त्यांना मोठ्यांच्या मापाने नापास करायचं नाही. अगदी छोट्यांना मेण देण्यात तर अर्थच नाही, ती ते गिळून मोकळी होतात.

वेळेचंही भान ठेवावं लागतं. लाळ दिवसभर एकसारखी येत नाही. दुपार कलताना ती सर्वांत जास्त असते आणि झोपेत जवळजवळ थांबते. म्हणून सहा महिन्यांपूर्वी सकाळी मोजली असेल, तर पुन्हाही सकाळीच मोजायची. आणि त्याआधी तासभर तरी काही खायचं-प्यायचं नाही.

एक चाचणी घरच्या आरशासमोर करून बघता येते. खालचा ओठ बाहेरच्या बाजूला उलटा करायचा, आतली बाजू स्वच्छ कपड्याने टिपून कोरडी करायची आणि चांगल्या उजेडात नुसतं बघत राहायचं. थोड्याच वेळात गुलाबी कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे थेंब एकेक करून उगवू लागतात. प्रत्येक थेंबाखाली लाळेची एक इवलीशी ग्रंथी असते. तोंडात अशा सहाशे ते हजार ग्रंथी आहेत, शिवाय मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या वेगळ्याच. थेंब दिसायला ६० सेकंदांहून जास्त वेळ लागला तर त्या छोट्या ग्रंथी सुस्तावल्या आहेत असं समजतात. मुलांना हा खेळ भलताच आवडतो. मग घरातल्या प्रत्येकाचा ओठ उलटा होतो.

अर्धा लिटर!

पाच वर्षांचं मूल दिवसाला साधारण अर्धा लिटर लाळ तयार करतं आणि बहुतेक सगळी गिळून टाकतं. तरी कुठल्याही क्षणी तोंडात जेमतेम मिलिलिटरभरच असते. दातांवर तिचा थर पसरतो तो सुमारे एक दशांश मिलिमीटरचा. एवढ्या पातळ पापुद्र्यावर सगळी मदार.

लाळेरं बांधून हिंडणाऱ्या बाळाकडे बघून मात्र वाटतं, की याच्या तोंडात नळच सोडलाय कुणीतरी. दोन-तीन महिन्यांचं झालं की बाळाच्या ग्रंथी जोरात कामाला लागतात, पण सगळी लाळ गिळण्याची कला त्याला अजून अवगत नसते. दात येत असल्याची ती नेहमीच खूण असते असं नाही, शेजारच्या काकूंनी कितीही ठासून सांगितलं तरी.

आता थोडा रसभंग. चिंचेचं नाव काढलं की तोंडाला पाणी सुटतं, असं आपण सगळेच म्हणतो. लाळ मोजणाऱ्यांना मात्र दिसलं, की माणसात नुसत्या आठवणीने ती फारशी वाढत नाही. तोंडात आधीपासून जी असते, तिचीच एकदम जाणीव होते. खाण्याची नुसती चाहूल लागताच लाळ गाळणाऱ्या पावलोव्हच्या कुत्र्यांची गोष्ट वेगळी होती. चिंच खरोखर जिभेवर ठेवली तर मात्र मोजमापाचा कप लगेच भरतो. आंबटाइतकी लाळ दुसऱ्या कुठल्याच चवीला सुटत नाही.

मेंढीचं डोकं आणि एक भांडण

१६६० साली ॲम्स्टरडॅममध्ये नील्स स्टेन्सन नावाचा विशीतला डॅनिश विद्यार्थी मेंढीचं डोकं कापून अभ्यास करत बसला होता. गालाच्या आतल्या एका नळीत त्याने सळई सरकवली आणि ती पुढे जाऊन दातांवर आपटल्याचा आवाज आला. कानापुढच्या मोठ्या ग्रंथीतून तोंडात लाळ आणणारी नळी सापडली होती. स्टेन्सन ज्यांच्या घरी राहत होता ते प्राध्यापक ब्लासियस म्हणू लागले, शोध माझा. भांडण चांगलंच पेटलं. आज जगभरची पुस्तकं त्या नळीला स्टेन्सनची नळी म्हणतात, त्यामुळे निकाल कुणाच्या बाजूने लागला ते सांगायला नको.

हा गडी पुढे खडकांच्या थरांचा अभ्यास करून भूगर्भशास्त्राच्या पायाभरणीत सामील झाला, मग कॅथलिक बिशप झाला आणि १९८८ साली पोपनी त्याला धन्य पुरुषांच्या यादीत बसवलं. लाळेपासून सुरुवात करून इतका लांबचा पल्ला गाठणारा दुसरा माणूस माझ्या तरी माहितीत नाही.

ती नळी तुम्हालाही सापडेल. वरच्या दाढांपैकी दुसऱ्या मोठ्या दाढेसमोर गालाला आतून जीभ लावा, बारीकसा उंचवटा लागेल. मोठ्यांच्या दातांवर जे दगडासारखं किटण चढतं, ते सर्वांत जास्त कुठे असतं? या नळीच्या तोंडाशी, वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला, आणि खालच्या पुढच्या दातांच्या मागे, जिथे दुसऱ्या ग्रंथींच्या नळ्या उघडतात. लाळेत कॅल्शियम आणि फॉस्फेट ठासून भरलेलं असतं, त्याचा हा पुरावा. दाताचं कवचही मुख्यतः त्याच मालाचं असतं. म्हणून तर कवचातून जे झिरपून जातं ते लाळ पुन्हा भरून काढू शकते.

खालचे दात का वाचतात?

तोंडात दुधाची बाटली घेऊन झोपणाऱ्या मुलाच्या दातांत एक विचित्र गोष्ट दिसते. वरचे पुढचे चार दात तपकिरी, खडबडीत, झिजून खुंट झालेले. खालचे पुढचे दात मात्र पांढरेशुभ्र! तेच दूध, तेच तोंड, मग हा दुजाभाव कशाने?

झोपेत लाळ जवळजवळ थांबलेली असते. वरच्या दातांभोवती दूध साचून राहतं, धुऊन काढायला कुणी नसतं. खालच्या दातांवर चोखताना जीभ पांघरलेली असते आणि लाळेच्या नळ्याही अगदी शेजारी उघडतात, म्हणून ते बचावतात. अनुभवी डॉक्टर ओठ उचलून बघतात आणि आईने काही सांगण्याआधीच विचारतात, ‘बाटली घेऊन झोपतो ना?’ यासाठी कप नको, मेण नको, काही नको.

खोकल्याच्या औषधाचीही अशीच गंमत. गंमत कसली म्हणा! पाक असलेलं गोड औषध आपण मुलाला नेमकं झोपताना पाजतो. त्यात सर्दीवरचं अँटीहिस्टामिन असेल तर तेही तोंड कोरडं करतं. दुहेरी मार. औषध तर द्यावंच लागतं, पण चमचा संपल्यावर चूळ भरायला कुणी लावत नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेणाऱ्या, टॉन्सिल-ॲडेनॉइडचा त्रास असलेल्या मुलांचेही पुढचे दात रात्रभर असेच सुकत असतात.

हिरवा पास, लाल नापास

लाळ किती आहे हे कळलं. आता ती किती कामाची आहे ते बघायचं. एका पट्टीवर तीन चौकोन असतात, प्रत्येकात आम्ल आणि रंग बदलणारं रसायन. कपातल्या लाळेचा एकेक थेंब प्रत्येकावर सोडायचा आणि दोन मिनिटं थांबायचं. लाळेने आम्ल पचवलं तर चौकोन हिरवा, अर्धंमुर्धं पचवलं तर निळा, हात टेकले तर लाल. हिरव्याला चार गुण, निळ्याला दोन, लालला भोपळा. बारापैकी दहा किंवा जास्त मिळाले तर छान, पाच किंवा त्याखाली तर काळजीचं. हे काम लाळेतलं बायकार्बोनेट करतं. खायच्या सोड्यातही तेच असतं. आणि चघळून लाळेचा जोर वाढला की तिच्यातलं बायकार्बोनेटही वाढतं.

आम्ल पचवण्याला एवढं महत्त्व का, ते रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात दाखवून दिलं. त्याने लोकांना साखरेच्या पाण्याने चूळ भरायला लावली आणि दातांवरच्या थरात बारीक इलेक्ट्रोड टेकवून आम्लता मोजली. काही मिनिटांतच पीएच घसरला, म्हणजे आम्लता वाढली. साधारण ५.५ च्या खाली तो गेला की दाताचं कवच विरघळू लागतं. नंतर लाळेने हळूहळू तो वर आणला, पण पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास गेला. मुलाने दर अर्ध्या तासाला बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला तर लाळ कधी जिंकणार, हे गणित चौथीतल्या पोरालाही सुटेल.

बिस्किटावरून आठवलं. पोळीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागतो, हे शाळेत सगळ्यांनी करून पाहिलेलं असतं. लाळेतलं अमायलेज पिठाची साखर करतं. म्हणजे दाढेच्या खाचेत अडकलेल्या बिस्किटाच्या लगद्यातून जंतूंना खाऊ पुरवण्यातही आपल्या लाळेचाच हात. घरभेदीच! २००७ मध्ये असंही दिसून आलं, की पिठूळ आहारावर जगत आलेल्या समाजांमध्ये या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती जास्त आढळतात.

निळे ठिपके मोजा

आता जंतूंची पाळी. मुख्य आरोपी स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ सालीच किडलेल्या दातांतून तो पकडून दिला होता, पण पुढे कित्येक वर्षं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९६० मध्ये अमेरिकेत पॉल कीज यांनी हॅमस्टरवर प्रयोग केले. निरोगी दातांचे हॅमस्टर किडक्या दातांच्या हॅमस्टरबरोबर पिंजऱ्यात ठेवले, तर त्यांचेही दात किडले. कीड एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते, हे त्या वेळी धक्कादायक होतं. मग सगळ्यांना क्लार्कची आठवण झाली.

दवाखान्यातली चाचणी अशी. मेण चघळून झालं की खडबडीत टोकाची प्लास्टिकची पट्टी जिभेवर फिरवायची आणि जंतूंचं खाद्य असलेल्या बाटलीत बुडवून ३७ अंशांवर दोन दिवस ठेवायची. बाटलीत बॅसिट्रासिन हे प्रतिजैविक असतं. बाकीचे बहुतेक जंतू त्याने गारद होतात, म्युटन्स मात्र टिकतो. तिसऱ्या दिवशी पट्टीवर गडद निळे ठिपके दिसतात. सोबतच्या चित्राशी ते ताडून बघायचे. ठिपके तुरळक असतील तर बरं, पट्टी निळीशार झाली तर मिलिलिटरमागे लाखांनी, कधी दहा लाखांनी म्युटन्स आहेत असं समजायचं. मुलाने नुकतंच अँटिबायोटिक घेतलं असेल तर पट्टी स्वच्छ दिसते आणि फसवते.

मेण चघळू न शकणाऱ्या चिमुरड्यांसाठी स्वीडनच्या बिर्गिटा कोलर आणि डग्लस ब्रॅटहॉल यांनी १९७९ मध्ये सोपी युक्ती काढली. डॉक्टर घसा बघायला वापरतात ती लाकडी पट्टी मुलाच्या जिभेवर फिरवायची आणि तिचा ठसा थेट जंतू वाढवायच्या बशीत उमटवायचा. काम झालं. बाळाला वाटतं, आपला घसाच बघितला.

त्याही आधीची, १९४० च्या सुमाराची स्नायडर चाचणी आणखी साधी आहे. साखर घातलेल्या हिरव्या जेलीत लाळ मिसळून ठेवायची. जंतूंनी आम्ल केलं की जेली पिवळी पडते. २४ तासांत पिवळी पडली तर धोका मोठा, ४८ तासांत मध्यम, ७२ तास लागले तर थोडाच.

बाळाच्या तोंडात म्युटन्स येतो कुठून? बहुतेक वेळा आईच्या तोंडातून. चव घेतलेला चमचा, फुंकर घातलेला घास, चोखून साफ केलेलं बाटलीचं बूच. अमेरिकेतल्या अलाबामात १९९३ साली झालेल्या अभ्यासात मुलांच्या तोंडी हा जंतू सरासरी २६ महिन्यांच्या सुमाराला ठाण मांडताना दिसला. पुढच्या अभ्यासांत तो त्याआधीही सापडला. कोलर आणि सहकाऱ्यांनी ज्या आयांच्या लाळेत हे जंतू खूप होते त्यांच्यावरच उपचार केले, तेव्हा त्यांच्या मुलांमध्ये जंतू कमी आणि उशिरा आले. मुलाच्या दातांसाठी आईची थुंकी तपासायची, ही कल्पना मला या सगळ्या प्रकारात सर्वांत हुशारीची वाटते.

आपल्याकडे कैरी वाटून घेताना फ्रॉकच्या टोकात धरून ‘चिमणीच्या दातांनी’ तोडायची पद्धत होती. हेतू उष्टं न होऊ देण्याचा. जंतू कापडातून आरपार जात असणारच, पण भावना योग्य होती.

नशिबात काय लिहिलंय?

२००५ च्या सुमाराला लॉस एंजेलिसच्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातले पॉल डेनी यांनी वेगळीच वाट धरली. लाळेतल्या बुळबुळीत प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. काही साखळ्या जंतूंना दाताला चिकटायला मदत करतात, काही त्यांना बाहेरच्या बाहेर अडकवून गिळायला लावतात. कुठल्या किती, हे ठरतं आईबापांकडून आलेल्या जनुकांवर. म्हणून तरुणांच्या लाळेतल्या या दोन प्रकारांचं प्रमाण बघून कुणाचे दात जास्त किडतील याचा अंदाज करता येईल, असा त्यांचा दावा होता. जंतूंची संख्या आज एक, उद्या एक असते. ही साखळी बदलत नाही, हा त्यातला खरा मुद्दा.

पण गाडी अडते ती इथे. पुढच्या किडीचं भाकीत करायला सर्वांत भरवशाची खूण कोणती, असं विचारलं तर उत्तर येतं, आधीच किडलेला दात. एखादी दाढ किडलेली असेल तर आणखी किडण्याची शक्यता दाट. एकट्या लाळेच्या कुठल्याही आकड्याला याची सर नाही. पंचाईत अशी, की एक दात गमावल्यावर मिळालेलं भाकीत आई-वडिलांना नको असतं. लाळेच्या चाचणीचा खरा उपयोग उलट्या बाजूने आहे. जंतू कमी, लाळ भरपूर, चौकोन हिरवे, असं आलं तर ‘हे मूल बहुधा सुटलं’ असं बऱ्याच विश्वासाने म्हणता येतं. पट्टी निळीशार आली म्हणून दात किडतीलच असं मात्र नाही, कित्येकांचे ठणठणीत राहतात. दुकानात ‘एका थुंकीत दातांचं भविष्य’ म्हणून कुणी काही विकत असेल तर पाकीट जपा.

त्यापेक्षा महिन्यातून एकदा मुलाचा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर ती किडीची पहिली पायरी. अजून खड्डा पडलेला नसतो, फ्लोराइडने आणि लाळेने तो पट्टा भरून येऊ शकतो. तीन वर्षांखालच्या मुलाला फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहापर्यंत वाटाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशभर लाटेसारखी पसरलेली दिसते तेवढी नाही. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या ज्या गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे डॉक्टरांना आधी पाण्याबद्दल सांगायचं.

चोवीस टॉफ्या

लाळेवर सर्वांत जास्त ताण कशाने येतो, हे कळलं ते एका लाजिरवाण्या प्रयोगातून. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या व्हिपेहोल्म इथल्या मतिमंदांच्या रुग्णालयात १९४५ पासून काही वर्षं रुग्णांवर आहाराचे प्रयोग झाले. त्यातल्या काही गटांना जेवणाच्या अधेमधे मुद्दाम बनवलेल्या मोठ्या, चिकट टॉफ्या दिल्या गेल्या, एका गटाला दिवसाला चोवीस. त्यांच्या दातांची चाळण झाली. संमती कुणी घेतली नव्हती, आणि देण्याच्या स्थितीत ती माणसं नव्हतीही. पण निष्कर्ष स्पष्ट होता. जेवणाबरोबर खाल्लेल्या साखरेने फारसं बिघडलं नाही. तीच साखर चिकट रूपात, दोन जेवणांच्या मध्ये, पुन्हा पुन्हा तोंडात गेली तेव्हा वाट लागली. किती साखर, यापेक्षा किती वेळा.

यातूनच स्वीडिश घरांत शनिवारच्या खाऊची रीत रुजली. आठवडाभर गोळ्या-चॉकलेट बंद, शनिवारी पिशवी भरून घ्या आणि एकदाच खा. आजही तिथल्या मुलांचा शनिवार तसाच साजरा होतो.

लुंडच्या शेजारीच माल्मो. तिथे ब्रॅटहॉल यांच्या मंडळींनी कॅरिओग्राम नावाचा संगणकी कार्यक्रम तयार केला. लाळेचं प्रमाण, आम्ल पचवण्याची ताकद, जंतू, आहार, फ्लोराइड, आधीचे किडलेले दात, असा सगळा तपशील आकड्यांत भरायचा. पडद्यावर गोल चकती येते. आहाराची फोड गडद निळी, जंतूंची लाल, लाळ आणि फ्लोराइडची फिकी निळी, आधीचे किडलेले दात वगैरे परिस्थितीची पिवळी. उरलेली हिरवी फोड म्हणजे कीड टाळता येण्याची संधी. दिवसाला सातपेक्षा जास्त वेळा तोंड चालत असेल तर खाण्याच्या रकान्यात ३ लिहायचे, जास्तीत जास्त पाच वेळा असेल तर १. आई-वडिलांसमोर डॉक्टर त्या ३ चा १ करून दाखवतात आणि हिरवी फोड तिथल्या तिथे रुंदावते. लाळेच्या रकान्याला बोटही लावावं लागत नाही.